पावसाळ्याआधी पुलांचे कंपन मोजायचे आहे. गाड्या आणि सेन्सर द्या

२०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर कोल्हापुरात एकच प्रश्न होता : पाणी उतरले, आता हा पूल पूर्वीइतकाच भक्कम आहे का? याचे उत्तर द्यायला पुराआधीची मोजणी हाताशी लागते. ती यंदा मेअखेरपर्यंत करायची आहे.

प्रत्येक गाळ्याची (दोन खांबांमधल्या भागाची) स्वतःची कंपनसंख्या असते, म्हणजे तो सेकंदाला किती वेळा हलतो तो आकडा (हर्ट्झ). गर्डरला (गाळा पेलणाऱ्या तुळईला) भेगा गेल्या तर ती उतरते, बेअरिंग (गर्डर खांबावर टेकतो तो आधार) गंजून अडकले तर चढते. पुलावरून जाणाऱ्या गाडीत कंपन मोजणारे सेन्सर बसवूनही ती मिळते. २००४ मध्ये तैवानच्या संशोधकांनी ही पद्धत मांडली.

अडचण गाडीचीच आहे. २० ते ३० मीटरचा गर्डर गाळा साधारण ३ ते ५ हर्ट्झने कंप पावतो. गाडीची बॉडी स्प्रिंगच्या पाट्यांवर १ ते ३ हर्ट्झने हलते, ॲक्सल ८ ते १५ ने. या दोहोंमधून पूल वेगळा काढायचा, आणि वर खड्ड्यांचे धक्के. ताशी ३० किलोमीटरने २५ मीटरचा गाळा ३ सेकंदांत संपतो. एवढ्यात एक तृतीयांश हर्ट्झपेक्षा बारीक फरक कळत नाही. म्हणून ताशी २० च्या आत, त्याच गाडीच्या पुष्कळ फेऱ्या हव्यात.

रोज एकाच पुलावरून जाणारे दुधाचे टेम्पो आणि शाळेच्या बस सर्वांत उपयोगी. ट्रॅक्टर-ट्रॉली नको, हुकाच्या खडखडाटात सगळे बुडते. ट्रॉली शेजारून गेली तर मात्र चांगलेच, ती पूल हलवते. शिवाजी पुलाची दगडी कमान फार ताठ, तिथे ही पद्धत चालत नाही. आम्ही गर्डरचे पूलच घेणार आहोत. खांबाखालची धूपही यातून भरवशाने कळत नाही, त्यासाठी पाण्यात उतरूनच पाहावे लागते.

एका गाडीला लागते ते असे : कमी गोंगाटाचे तीन एमईएमएस सेन्सर, म्हणजे कंपन मोजणाऱ्या बारीक चिप (दोन ॲक्सलवर, एक मागच्या ॲक्सलच्या वर बॉडीत), जीपीएस, मेमरी कार्ड, पॉवर बँक. सेन्सर लोखंडी पट्टीवर बोल्टने आवळायचा. मोबाइलचा प्लॅस्टिक होल्डर स्वतःच थरथरतो. जीपीएस सेकंदाला एकदाच जागा सांगत असेल तर तेवढ्यात गाडी पाच मीटर पुढे जाते, म्हणून गाळ्याची सुरुवात पुलाच्या सांध्यावर बसणाऱ्या धक्क्यावरून धरतो. वस्तू दिल्या तरी चालतील, रोख दिली तर पावती मिळेल.

गाडी देणाऱ्यांनी दर फेरीला टायरची हवा, मालाचे वजन आणि तापमान वहीत लिहायचे आहे. उन्हात तापलेल्या पुलाची कंपनसंख्या एरवीही थोडी उतरते. नोंद नसेल तर पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये होणाऱ्या मोजणीशी ती फेरी जुळवता येणार नाही.