जावळीची माणसं, काळ्या घोड्याजवळ

सातारा,
१२ जानेवारी २०२०

प्रिय दिलप्या,

फोनवर मी मुंबईतलं चित्रांचं प्रदर्शन बघून ये म्हटलं आणि तू "बरं बरं, बघू" म्हणालास, तेव्हाच ओळखलं की गडी काही जाणार नाही. म्हणून सविस्तर लिहायला बसलोय. इकडची खबर विशेष नाही. पोवई नाक्यावर ग्रेड सेपरेटरची खोदाई चालूच आहे आणि सगळा गाव वळसे घालत धूळ खातोय.

तर चित्रकार सुधीर पटवर्धनांचं प्रदर्शन. मुंबईला नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, म्हणजे काळ्या घोड्याजवळच्या जुन्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये, त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं सिंहावलोकन मांडलंय. नाव 'वॉकिंग थ्रू सोल सिटी', मांडणी नॅन्सी अदजानिया यांची. आमच्या सांगलीच्या मेव्हण्याने आडनाव ऐकल्या ऐकल्या विचारलं, "आमच्या संस्थानिकांपैकी का?" म्हटलं, जन्म पुण्याचा, १९४९ चा, शिक्षण डॉक्टरीचं आणि मुक्काम ठाण्यात. १९७५ ते २००५, तीस वर्षं या माणसाने तुझ्या ठाण्यात एक्स-रे काढले आणि उरलेल्या वेळात चित्रं केली. न जाणो, तुझ्या कंपनीतल्या कोणाकोणाच्या छातीचे फोटो त्यांनी बघितलेही असतील. दिवसभर माणसांची हाडं बघायची आणि संध्याकाळी कॅनव्हासवर त्याच हाडांवर मांस चढवायचं, असा तो संसार.

मी एकटा गेलो नव्हतो. तात्या बरोबर होते. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीसाठी त्यांचे कागद कुठेतरी अडकलेत, म्हणून एका कचेरीत गेलो होतो. साहेब जागेवर नव्हते, ते कधी येणार हे कोणाला माहीत नव्हतं आणि तात्यांची प्लास्टिकची पिशवी आम्ही न उघडताच परत बाहेर आणली. परतीच्या गाडीला वेळ होता. तात्यांना म्हटलं, चला, चित्रं बघू. ते म्हणाले, "पंखा आसंल तर चल."

तात्यांना तू विसरला नसशील. आपण सहावीत असताना संपात गावी आलेले, ते कायमचे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप लागला, अडीच लाखांच्या आसपास माणूस बाहेर पडला. त्यातली आपल्या जावळीची, पाटणची, खटावची किती, याचा हिशेब कोणी ठेवला असेल असं वाटत नाही. विणखात्यात साच्यावर, म्हणजे मागावर, होते तात्या. परळला गावकीच्या खोलीत राहायचे. एका पाळीची माणसं झोपून उठली की दुसऱ्या पाळीची त्याच चटईवर. जेवण खानावळवाल्या मावशीकडे.

आता तुझा नेहमीचा आक्षेप: मॉडर्न आर्ट म्हणजे एका बाजूला दोन डोळे काढायचे आणि लाखाला विकायचे. इथे तसलं काही नाही. इथे माणसं आहेत. इराण्याच्या हॉटेलात बसलेला माणूस, लोकलमधली माणसं, रेल्वेच्या पुलावरची माणसं. 'इराणी रेस्टॉरंट' १९७७ चं, 'ट्रेन' १९८० चं, 'ओव्हरब्रिज' १९८१ चं. पण ही माणसं जशीच्या तशी उतरवलेली नाहीत. धड जाडजूड, दंड आणि मनगटं प्रमाणाबाहेर भरलेली. फ्रेंच चित्रकार सेझान आणि लेजे यांचा धडा त्यांनी नीट गिरवलाय हे माझ्यासारख्या ए.टी.डी. (चित्रकला शिक्षकाची पदविका) झालेल्या मास्तरालाही कळतं. तो धडा ठाण्या-कळव्याच्या माणसांवर इतका चपखल बसेल, हे मात्र कळलं नव्हतं.

तात्या सुरुवातीच्या काळातल्या एका चित्रापुढे थांबले ते हलेचनात. मला वाटलं, गुडघा धरला. म्हणाले, "हात बघ ह्याचं. ह्यो बसलाय खरा, पण हात आजून कामावरच हायती." मग स्वतःचा पंजा उघडून दाखवला. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात कातडी अजून घट्ट आहे, चाळीस वर्षं साचा हातात नसून. पुढच्या दोन चित्रांनंतर म्हणाले, "ह्यात कोण कुणाकडं बघतच न्हाई की रं." तेही खरं. इतकी गर्दी, अंगाला अंग लागतंय, पण प्रत्येक जण आपापल्या विचारात. तात्या म्हणाले, दुसरी पाळी सुटल्यावर असंच असायचं, बोलायला तोंडात जीवच नसायचा.

मी मुलांना चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांसाठी स्मरणचित्र शिकवतो. 'बसस्थानकावरील दृश्य' दिलं की निम्मा वर्ग माणसं पाठमोरी काढतो, कारण चेहरा जमत नाही. उरलेले सगळ्यांना हसवतात. दमलेला माणूस कोणीच काढत नाही, आणि खरं सांगू, इतकी वर्षं मीही तो कोणाला काढायला सांगितला नाही. परीक्षेत त्याला मार्क मिळतील का, हीच शंका. आपण दोघांनी चित्रं पहिल्यांदा बघितली ती औंधला, सहलीत, यमाईच्या डोंगरावर तिथले राजे पंतप्रतिनिधी यांच्या संग्रहालयात. तिथे रविवर्म्याची 'सैरंध्री' आहे. ती दासी झालेली द्रौपदी, पण कष्टाचा एक डाग अंगावर नाही. मला ते चित्र आवडतं, अजूनही आवडतं. फक्त आपल्या जिल्ह्याने घामाची माणसं मुंबईला पाठवली आणि भिंतीवर बघायला राण्या ठेवल्या, हे त्या दिवशी डोक्यात आलं ते जाईना.

सगळंच मला भिडलं असं नाही. घरातल्या खोल्यांची, कुटुंबाची पुढची चित्रं बघताना मी भराभर चालत होतो. त्यांचं २०१४ चं 'मुंबई प्रॉव्हर्ब्ज' सात भागांत आहे, गिरण्यांच्या मुंबईपासून आजच्या मुंबईपर्यंत. आवाका दांडगा, पण मला ते जरा समजावून सांगितल्यासारखं वाटतं. शहराचा पसारा बघायचा तर त्याआधीचं 'लोअर परळ' बघ, २००१ चं. गिरण्या जाताहेत, नवं शहर वर येतंय. एका जागी उभं राहून दिसेल असं ते चित्र नाही. तीन-चार ठिकाणांहून बघितलेलं त्यांनी एकत्र जोडलंय, त्यामुळे नजरेला थांबा मिळत नाही, तिला फिरावंच लागतं.

तात्यांनी एसटीत विचारलं, "आमची गिरणी काढलीय का त्यानं?" मोबाइलवर 'लोअर परळ' दाखवलं. दोन बोटांनी मोठं करत, सरकवत, खंबाटकी घाटापर्यंत ते आपलं गेट शोधत होते. सापडलं का, असं विचारलं तर म्हणाले, "गेट न्हाई, पर रस्ता त्योच हाय." आणि मोबाइल परत केला.

माझी तक्रार पटवर्धनांबद्दल नाहीच. त्यांनी तर इतरांचीही चित्रं गोळा करून 'विस्तारणारी क्षितिजे' नावाचं प्रदर्शन मुंबईबाहेर महाराष्ट्रात फिरवलं होतं. तक्रार आपल्याबद्दल आहे. शाहू कला मंदिरात नाटकाला आपण रांगा लावतो, पण चित्राचं नाव काढलं की "आपल्याला त्यातलं कळत नाही" म्हणून मोकळे. चित्रात आपलाच चुलता बसलाय, आणि आपल्याला कळत नाही! त्या दिवशी तात्यांइतकं कळलेला दुसरा माणूस त्या इमारतीत असेल, यावर मी पैज लावायला तयार आहे.

प्रदर्शन १२ फेब्रुवारीपर्यंत आहे, सोमवारी बंद असतं. जिने आहेत, तेव्हा वहिनींच्या पाठीचं बघून ने. धाकट्याला मोबाइल घरी ठेवून ने, कुरकुर करेल, करू दे. रोज कळव्याच्या बाजूने लोकलला लोंबकळत जातोस ना, मग तुला माझ्यापेक्षा जास्त दिसेल, आणि दिसलं नाही तर तसं लिही, भांडू. पण न जाता भांडायचं नाही.

आणि त्या कचेरीकडे तुझं येणं-जाणं असेल तर तात्यांच्या कागदांचं तेवढं बघ. झेरॉक्स सोबत जोडल्यात. गिरणीच्या पासावर नाव 'पांडूरंग' पडलंय, आधारवर 'पांडुरंग', त्या एका उकारावर अडलंय म्हणतात.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या

ता. क. – कंदी पेढे शेजारच्या पोराबरोबर पाठवलेत. अर्धा किलो आहेत, मोजून घे. तो वाटेत खातो.