कार्ड कुठलं घेऊ, असं विचारलंस म्हणून

चि. लेकीस अनेक आशीर्वाद,

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, बँकवाले क्रेडिट कार्ड देतो म्हणून मागे लागलेत. घेऊ, की डेबिट आहे तेवढं पुरे?" मी "बघू" म्हणून विषय टाळला. का टाळला, ते सांगायला हे पत्र.

तू चार वर्षांची होतीस तेव्हा दीडेक वर्ष मी क्रेडिट कार्डाचं बिल पुरतं भरत नव्हतो. थकवत नव्हतो हं. दर महिन्याला तारखेच्या आत 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली भरावीच लागणारी किमान रक्कम, तेवढी भरायचो आणि आपण किती शिस्तीचे, अशी स्वतःची समजूत घालायचो. बँकेचा एकदाही फोन आला नाही. येणार कशाला? त्यांचं लाडकं गिऱ्हाईक मीच होतो. तुझ्या आईला कळलं ते कपाटात भलतेच कागद शोधताना. त्या रात्री तिने वहीत हिशेब मांडला, तो मला अजून तोंडपाठ आहे. देणं शंभर धर. व्याज महिन्याला तीन टक्के, मिनिमम ड्यू पाच टक्के. नवीन काहीही न घेता वर्षभर इमानेइतबारे मिनिमम भरलं, तर खिशातून जातात 55 आणि देणं उतरतं फक्त 23. मधले 32 कुठे गेले, हे तिने विचारलंही नाही. वही मिटली आणि झोपायला गेली.

महिन्याला तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं ना? काहीच न भरता ते चढत राहिलं तर वर्षाला बेचाळीस टक्क्यांच्या वर जातं. शिवाय एक गोष्ट मला फार उशिरा कळली. बिलातलं थोडं जरी मागे ठेवलं, तरी बिनव्याजी मुदत, म्हणजे खरेदीपासून बिल भरायच्या तारखेपर्यंत व्याज न लागणारे दिवस, सहसा बंद होते. मग आज घेतलेल्या वस्तूवर आजपासूनच व्याज. क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोख काढलीस तर ही मुदत मुळातच नसते. व्याज त्याच दिवसापासून, वर काढण्याचं शुल्क वेगळं. त्यासाठी डेबिट कार्डच बाहेर काढायचं.

आता म्हणशील, मग बाबांनी क्रेडिट कार्ड मोडून फेकलं का नाही? नाही फेकलं, कारण दुसरा अनुभव डेबिट कार्डाने दिला. कुणीतरी माझ्या कार्डाचा नंबर मिळवून खरेदी केली. पैसे परत मिळाले, पण चौकशी चालली तितके दिवस खातं रिकामं, आणि त्याच खात्यातून घरखर्च. क्रेडिट कार्डावर हेच झालं असतं तर भांडण बिलातल्या एका ओळीवरून झालं असतं, गेलेल्या पगारावरून नाही. म्हणून कार्ड निवडताना मी आधी हे बघतो, की घोटाळा झाला तर अडकणारे पैसे कुणाचे, माझे की बँकेचे? ऑनलाइन खरेदी, अनोळखी वेबसाइट, महिनोन्‌महिने आधी काढलेलं तिकीट, हे सगळं म्हणूनच मी क्रेडिटवर करतो. हॉटेलात किंवा भाड्याच्या गाडीला अनामत म्हणून रक्कम 'होल्ड' करतात, तिथेही तेच. डेबिटवर तुझी शिल्लक काही दिवस गोठते, क्रेडिटवर नुसती उधारीची लिमिट. अर्थात कार्ड कुठलंही असो, गडबड दिसली की त्याच मिनिटाला ब्लॉक करायचं. उशीर केलास तर नुकसान तुझ्या गळ्यात पडण्याची शक्यता वाढते.

बक्षिसाच्या पॉइंट्सवर मी शाई खर्च करत नाही. त्यांचा खर्च दुकानदाराकडून घेतलेल्या शुल्कातून आणि माझ्यासारख्या मिनिमम भरणाऱ्यांच्या व्याजातून निघतो, एवढं लक्षात असलं तरी पुरे.

आणि बँक मागे लागली म्हणून आपली पत वाढली, असं समजू नकोस. 1958 साली बँक ऑफ अमेरिकाने फ्रेस्नो शहरात सुमारे साठ हजार कार्डं कुणी न मागता पोस्टाने घरोघर धाडली. त्याच कार्डाचं नाव 1976 साली व्हिसा झालं. सुरुवातीला बिलं थकवणारे बँकेच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघाले. बँकेने चूक निस्तरली आणि पुढे भरपूर कमावलं. घरोघरच्या थकलेल्या बिलांचं काय झालं, त्याचा इतिहास कुणी लिहीत नाही.

तर माझं मत असं. कार्ड घे, पण पगार सुरू झाल्यावर लगेच नको. पहिले सहा महिने डेबिटवरच काढ. महिनाअखेरीला खात्यात काही उरतं का, ते बघ. उरत असेल तर घे, आणि लिमिट देतील त्यापेक्षा कमी मागून घे. ऑटो-डेबिट लावताना 'टोटल ड्यू' आणि 'मिनिमम ड्यू' असे दोन पर्याय पुढे येतात. माझं बोट कुठे पडलं होतं ते तुला आता ठाऊक आहे. स्टेटमेंटची तारीख, म्हणजे महिन्याचं बिल तयार होतं तो दिवस, तीही नीट समजून घे. समज ती 5 आहे आणि बिल भरायची 25. मग 4 तारखेला घेतलेल्या वस्तूला तीन आठवडे मिळतात, 6 तारखेच्या वस्तूला जवळजवळ पन्नास दिवस. वस्तू तीच.

उरत नसेल तर कार्ड घेऊ नकोस. त्यात कमीपणा काही नाही. उद्या मोठं कर्ज मागायला गेलीस तर परतफेडीची जुनी नोंद कामी येते हे खरं, आणि डेबिट कार्ड वापरून ती सहसा तयार होत नाही हेही खरं. पण ती नोंद एक वर्ष उशिरा सुरू झाली तर चालतं. वाईट सुरू झाली तर निस्तरायला वर्षं जातात.

आईने हे पत्र वाचलंय. 32 चा आकडा तिने पुन्हा करून पाहिला, बरोबर आहे म्हणाली.

तुझा,
बाबा

ता. क. पिन म्हणून जन्मतारीख ठेवू नकोस. आणि कार्ड ब्लॉक करायचा नंबर फोनमध्ये असतोच, तो एका कागदावरही लिहून बॅगेच्या वेगळ्या कप्प्यात ठेव. चोरी झाली की बहुतेक वेळा फोनही जातो.