कामगार कपातीच्या बातमीतला नारळ

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातील ‘कंत्राटी कामगारांना नारळ’ हा मथळा वाचला आणि दिवसभर मन थाऱ्यावर राहिले नाही. त्याच अंकाच्या पहिल्या पानावर पुलाच्या कामाचा नारळ फुटला आहे आणि क्रीडा पानावर एका सलामीच्या फलंदाजाच्याही हाती आपण नारळ दिला आहे. ज्या फळाने कामाचा शुभारंभ होतो, त्याच फळाचे नाव लोकांच्या पोटावर पाय येतो तेव्हा मथळ्यात घ्यावे, हे मला पटत नाही.

निघालेल्या पाहुण्याच्या हातावर नारळ ठेवून त्याला मानाने निरोप द्यायचा, या रीतीवरून कोणीतरी थट्टेने हा दुसरा अर्थ काढला आणि तो सगळीकडे रुळला, हे मला ठाऊक आहे. तुळतुळीत डोक्यालाही लोक नारळ म्हणतात. त्याला माझी हरकत नाही, कारण ती थट्टा तोंडावर होते आणि ज्याची होते तो तिथल्या तिथे उत्तर देतो. नोकरी गेलेला माणूस मात्र उत्तर देण्याच्या मनःस्थितीत नसतो.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या मुलाला एका कारखान्याने कामावरून कमी केले. दुसऱ्या दिवशी नाक्यावर दोघांनी हसत विचारले, “काय रे, नारळ मिळाला म्हणे?” त्यांच्या मनात वाईट नसेलही, पण तो आठवडाभर नाक्याकडे फिरकला नाही. महिन्याभराने तो काम शोधायला मुंबईला निघाला. आमच्या घरी लांब जाणाऱ्याच्या हातावर देवापुढचा नारळ ठेवतात. पहाटेच्या एसटीची वेळ झाली होती. पिशवी खांद्याला लावून तो ओटीवर उभा होता आणि मी शेंडी राखून सोललेला, घरच्या माडाचा नारळ त्याच्यापुढे धरला. त्याने हात मागे घेतला. “नको बाबा, एक मिळालाय,” एवढेच म्हणाला आणि पायऱ्या उतरला. त्याच्या आईने तो नारळ खोवलाही नाही की वाढवलाही नाही. अजून तो देव्हाऱ्याशेजारी आहे. पाणी आटून आत गोटा सुटला आहे आणि हलवला की वाजतो.

देवापुढे नारळ ‘फोडला’ असे आम्ही म्हणत नाही, ‘वाढवला’ म्हणतो. गाऱ्हाणे घालायचे तर आधी नारळ ठेवावा लागतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद राहिल्यावर आमचे कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करतात. आपले वृत्तपत्र याच किनाऱ्यावर घरोघरी वाचले जाते, म्हणून हे लिहावेसे वाटले. ‘कामावरून काढले’ हे दोन साधे शब्द मथळ्यात सहज मावतात; ज्यांच्या घरात त्या दिवशी चूल पेटवताना विचार करावा लागतो, त्यांच्याविषयी तेवढेच लिहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी एक गोष्ट याच अंकातील आहे. काल, २ सप्टेंबरला, जागतिक नारळ दिन होता आणि त्यानिमित्त आपण ‘कोकणातील माड’ म्हणून जे छायाचित्र छापले, ते पोफळींचे आहे. पोफळीचे खोड बारीक, सरळसोट आणि वरच्या बाजूला हिरवे असते; माडाचे खोड जाड, राखाडी आणि समुद्राकाठी बहुधा कललेले असते. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे. तेथे कोणीही हे एका नजरेत सांगितले असते. छायाचित्राची दुरुस्ती उद्याच्या अंकात छापावी.

आपला नियमित वाचक,
एक बागायतदार, गुहागर