तुम्ही गप्प राहिलात, त्याबद्दल

आदरणीय कॅप्टन,

'थँक यू' तर दर मंगळवारी म्हणतेच. पण मनातलं सगळं मला मराठीतच सांगता येतं. लेक तुम्हाला वाचून अर्थ सांगेल. आणि अमेरिकेत मुलं वाढवणाऱ्या आपल्या लोकांनीही हे वाचावं, असं वाटतं.

ती बाराव्या वर्षी सिव्हिल एअर पेट्रोलची कॅडेट झाली, तेव्हा मला या संस्थेची काहीच माहिती नव्हती. पर्ल हार्बरच्या हल्ल्याआधी सहाच दिवस, १ डिसेंबर १९४१ला ती सुरू झाली. युद्धात साध्या नागरिकांनी छोट्या विमानांतून किनाऱ्यालगत जर्मन पाणबुड्यांवर पाळत ठेवली. १९४८पासून ती अमेरिकी हवाई दलाची अधिकृत साहाय्यक संस्था आहे. हे सगळं मला लेकीनेच शिकवलं. साताऱ्याहून आईने फोनवर विचारलं, "त्या साहेबांना पगार किती गं?" पगार नाहीच, उलट तुम्ही स्वतः वर्गणी भरता, हे तिला अजून पटत नाही.

सेसनाच्या छोट्या विमानातल्या पहिल्या फुकट फेरीत लेकीला पुढे, वैमानिकाशेजारी बसवलंत आणि वर गेल्यावर सुकाणूही हाती दिलंत. त्या रात्री ती जेवलीसुद्धा नाही, नुसती बोलत होती. पण माझे खरे आभार आहेत ते पडलेलं विमान शोधण्याच्या सरावातल्या संध्याकाळचे.

विमान पडलं की त्यातला ट्रान्समीटर ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक देतो. जमिनीवरचं पथक मात्र १२१.५च्या संदेशाचा माग काढत शेवटचं अंतर कापतं. तुम्ही सरावाचा बीकन, म्हणजे तसाच संदेश सोडणारं छोटं यंत्र, लपवून ठेवला होता. अँटेना माझ्या लेकीच्या हातात होता. हँगरच्या, म्हणजे विमानांच्या शेडच्या, पत्र्यावरून लहरी उलटून येत होत्या, रिसीव्हरची सुई भलतीकडेच बोट दाखवत होती. ती दोनदा चुकली. अंधार पडला, तिचे डोळे भरले. मी कुंपणापाशी उभी होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, कारण बीकन कुठे आहे ते तुम्ही मला आधीच दाखवलं होतंत.

तुम्ही तिच्याशेजारी उभे होतात आणि एक शब्द बोलला नाहीत. फक्त टॉर्च पुढे केलात.

मग ती पत्र्यापासून लांब मोकळ्यावर गेली, रिसीव्हर छातीशी धरून सावकाश गोल फिरली. संदेश सगळ्यात क्षीण झाला तिथे थांबली. बीकन तिच्या पाठीमागे होता. स्वतःच्या अंगाची आड करून दिशा शोधायची, हे तिला तुम्हीच कधीतरी शिकवलं होतंत. वीस मिनिटांत तिने गवतातून तो उचलून आणला.

घरी आम्ही तिच्या हातून प्रत्येक अवघड गोष्ट काढून घेत होतो, गणितापासून डब्याच्या झाकणापर्यंत. माया म्हणूनच. तिच्यावर इतका वेळ विश्वास टाकून उभं राहणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तुमचा टॉर्च आमच्याकडेच राहिलाय. नवीन सेल घातलेत, मंगळवारी तिच्याबरोबर पाठवते.

तुमची ऋणी,
एका कॅडेटची आई