सड्यावरचं डबकं

प्रिय पक्या,

मुंबईत पावसाने वैतागलायस असं लिहिलंस, आणि आम्ही इथे राजापूरकडच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, त्याच पावसात मुद्दाम भिजतोय, टीवायच्या पोरांचं फिल्डवर्क आहे ना. जागा म्हणजे काय, जांभ्याच्या कातळातलं एक डबकं, गुडघाभर पण पाणी नाही आणि मे महिन्यात तर पाय भाजतील असा नुसता दगड. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, संपलं.

पण पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी ओतलं की पोरं गप्प होतात रे. फेअरी श्रिम्प! कोळंबीच्याच लांबच्या नात्यातले, आरपार दिसणारे, आणि पोहतात चक्क उताणे, पायांच्या ११ जोड्या वर करून. डबकं आटायच्या आत मोठं व्हायचं, अंडी घालायची आणि मरायचं. ती अंडी सगळा उन्हाळा तापलेल्या मातीत कोरडी पडून राहतात, पाणी लागलं की फुटतात.

एका पोरीने विचारलं, सर, पहिल्या पावसात सगळीच का नाही फुटत? मला जाम आवडला प्रश्न. आपल्याकडे कसं होतं बघ, जूनमध्ये दोन दिवस धो धो आणि मग आठवडाभर कडक ऊन, त्यात सगळीच फुटली असती तर वंश बुडाला, म्हणून काही अंडी पुढच्या पाण्यासाठी, पुढच्या वर्षासाठी सुद्धा तशीच राहतात. पुस्तकात हे एका ओळीत उरकलेलं असतं.

बाकी पीएच, तापमान वगैरे चालूच. ऑक्सिजन मात्र सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा मोजायला लावतो, कारण उन्हात शेवाळ तो वाढवतं आणि रात्रभरात तो उतरतो, एकच आकडा घेऊन काय कळणार. पोरं कुरकुरतात, कुरकुरू देत. काठावर गेंद फुललेत, सीतेची आसवं पण, तीच ती, पाण्यातले बारीक जीव खाणारी. गुरांमागे आलेल्या एक काकी ट्रेमध्ये डोकावून म्हणाल्या, "एवढीशी कोळंबी? कालवण कसलं होणार ह्याचं!"

गणपतीला येशीलच, तेव्हा दीड दिवसात पळू नकोस, एक सकाळ मला दे. दसऱ्यापर्यंत पाणी टिकेलच असं नाही. मॅक्रो लेन्स आण आणि स्लिपर घालून येऊ नकोस, कातळ भयंकर निसरडा झालाय.

तुझा,
बंड्या