पहिल्या पराभवानंतर थेट घरी?

बॅडमिंटन खेळणाऱ्या लहान मुलांच्या पालकांवरील आपला रविवारचा लेख वाचला. पालकांनी संयम ठेवावा हे मान्य. पण स्पर्धांची आखणीही तपासायला हवी. बाद पद्धतीत काणकोणहून पहाटे निघून नावेलीला पोचलेले दहा वर्षांचे मूल पहिलाच सामना हरले की अर्ध्या तासात मोकळे. मग किटबॅग उशाला घेऊन गॅलरीत पडायचे आणि चुकलेल्या सर्व्हिसचा हिशेब ऐकायचा (तो तरी घरी नेऊन करावा!). २०१२च्या लंडन स्पर्धेपासून ऑलिंपिकमध्येही बॅडमिंटनला आधी गटसाखळी (गटातील प्रत्येकाचा इतर सर्वांशी सामना) असते. मग अकरा व तेरा वर्षांखालील गटांत प्रत्येकाला किमान दोन सामने मिळावेत. कोर्ट अपुरे पडत असतील तर साखळीत २१ऐवजी १५ गुणांचे गेम खेळवता येतील.

– एक पालक, मडगाव