चाक बांधायला शिकवणाऱ्या उस्तादांना

उस्ताद, सलाम.

सोलापुरात सायकलच्या चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढून देणारे पुष्कळ आहेत. मोकळा हब (चाकाचा मधला तुंबा), मोकळी रिम (बाहेरचं कडं) आणि 36 स्पोक (तारा) समोर ठेवून टिकाऊ चाक कसं बांधायचं, हे तुम्ही हातचं काही राखून न ठेवता शिकवलंत. त्यासाठी हे जाहीर आभार.

तुमची सुरुवात मापापासून. स्पोकचं टोक निपलच्या, म्हणजे स्पोक रिमला घट्ट धरणाऱ्या छोट्या नटाच्या, खाचेच्या तळापर्यंत यावं. आखूड पडला तर निपलची मान तुटते, लांब झाला तर टोक ट्यूबमध्ये घुसतं. आट्यांना आणि निपल रिमवर बसतो तिथे तेलाचा थेंब हवाच. मग नऊ-नऊच्या चार फेऱ्या. पहिला स्पोक व्हॉल्व्हच्या भोकाशेजारी, पुढचे दर चौथ्या भोकात. दुसऱ्या बाजूचे नऊ झाले की हब फिरवून उलट्या दिशेचे. उलटा स्पोक आपल्याच बाजूच्या तिघांना ओलांडतो, दोघांना बाहेरून आणि तिसऱ्याला आतून. व्हॉल्व्हचं भोक जवळपास समांतर जाणाऱ्या दोन स्पोकमध्ये आलं नाही तर पंपाचं तोंड बसत नाही. तिथेच उकलून पुन्हा गुंफायचं.

पण गुंफण कुणीही शिकवेल. तुम्ही ताण शिकवलात. चाक फिरताना प्रत्येक स्पोक जमिनीकडे आला की सैलावतो, वर गेला की पुन्हा ताणतो. मुळातच ढिला असेल तर दर फेरीला पार मोकळा पडतो, निपल आपोआप फिरू लागतो आणि हबमध्ये अडकणाऱ्या डोक्याजवळच्या वाकाशी स्पोक पिचतो. स्पोक जास्त ताणल्याने तुटतात असं पुष्कळांना वाटतं. बहुतेक तुटतात ते ढिलाईने. पूर्व भागातल्या यंत्रमागावर ताण्याचे धागे एकसारखे ताणलेले लागतात, तसंच हे, असं तुम्ही सांगायचात. एका बाजूचे सगळे स्पोक बोटाने छेडले की सूर एकच यायला हवा. गिअरच्या मागच्या चाकात मात्र डावी बाजू खालच्या सुरातच वाजते, कारण रिम मध्यावर आणायला उजवीकडे जास्त ताण लागतो.

निपल पाव-पाव आट्यानेच फिरवत पुढे जायचं. स्पोक निपलबरोबर पिळला जातो, म्हणून निपल हव्या जागेच्या किंचित पुढे नेऊन तेवढाच मागे. रिमच्या सांध्यावरचा उंचवटा ताणाने काढायच्या फंदात पडायचं नाही. चाक सायकलच्या चिमट्यात उलटं बसवून पाहिलं की रिम मध्यावर आहे की नाही, ते लगेच कळतं.

आणि शेवटी ते दाबणं! समांतर स्पोकच्या जोड्या दोन्ही हातांनी आवळून चाकभर फिरायचं. वाक हबला चपखल बसतो, पिळलेले स्पोक कडकड आवाज करत सुटतात, घडवताना वाकात राहिलेला अंतर्गत ताण उतरतो. त्यानंतर आऊट पुन्हा निघतो, तो पुन्हा काढायचा. वेळ जातो म्हणून ही पायरी सर्रास गाळली जाते. दुधाच्या कॅन वाहणाऱ्याला तुम्ही मागे 40 स्पोकचंच चाक सुचवता, पण न दाबलेलं 40 चंही तुम्ही गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही.

हे सगळं आता आम्ही आमच्या दुकानातल्या पोरांना तुमच्याच क्रमाने शिकवतो. मनापासून धन्यवाद, उस्ताद.

तुमच्या हाताखाली तयार झालेले,
सोलापूरचे सायकल कारागीर